पाचव्या घाण्याचं पहिलं पोतं

स्कॅनर हातात आला त्या दिवशी मी दिसेल ते स्कॅन करत सुटले होते. बिस्किटाचा पुडा, साबणाची वडी, साहेबांच्या टेबलावरची औषधाची बाटली. टूं वाजलं की मला हसू यायचं. साहेब म्हणाले, "अगं, पुरे कर आता, पोरखेळ हाय का?" मी म्हटलं, "साहेब, हात बसायला नको का?" आणि त्यांची पेनाची डबी उचलली.

आमचा कारखाना म्हणजे सहकारी दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना. आष्टीच्या बाजूला, उघड्या माळावर पत्र्याच्या दोन शेडा. एकीत माल बनायचा, दुसरीत थप्प्या लागायच्या. मका, सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा, मळी, मीठ आणि अगदी मोजका युरिया, हे सगळं मोठ्या मिक्सरच्या पोटात जायचं आणि खालच्या तोंडातून पोत्यात यायचं. एका वेळी मिक्सरमध्ये एक टन माल बसायचा. त्याला आम्ही घाणा म्हणायचो. पन्नास किलोचं पोतं, म्हणजे एका घाण्याची वीस पोती. हा हिशेब तिथल्या मांजरालाही पाठ होता.

पावसानं सलग दुसऱ्या साली पाठ फिरवली होती. गावोगावची जनावरं छावणीत बांधलेली, आणि आमचं पोतं गेलं तरच त्यांच्या तोंडात चार घास. त्यामुळे कारखाना दणक्यात चालला होता आणि संघानं नवं मिक्सर घेतलं होतं. त्याच्याबरोबर आलं सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअरबरोबर आले मी. बीडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, उसतोड्याची पोरगी. नोकरी लागली तेव्हा मायनं अख्ख्या आळीत गूळ वाटला होता.

आधीची पद्धत अशी, की दिवसभर पोती भरायची आणि संध्याकाळी हमालांनी थप्पी बघून आकडा सांगायचा. "लाभ, दोन, तीन" असं मोजत जायचे. एक म्हणायचं नाही, पहिल्याला लाभ म्हणायचं. तो आकडा साहेब वहीत लिहायचे आणि झालं. कोणतं पोतं कोणत्या घाण्यातलं, कधी भरलं, कुठं गेलं, कुणाला ठाऊक? देवाला!

नव्या पद्धतीत पोतं भरता भरताच त्याची नोंद. वजन झालं की लेबल छापायचं, लेबल पोत्याच्या तोंडाशी ठेवून शिवणीत शिवायचं, स्कॅन करायचं. टूं! झालं त्या पोत्याचं बारसं. लेबलवर घाण्याचा नंबर, पोत्याचा नंबर, वेळ, वजन, आणि खाली नोंद करणाऱ्याचं नाव. नावाची ओळ आधी नव्हती. ती मी भांडून घालून घेतली. साहेब म्हणाले, "तुझं नाव म्हशीला वाचता येतं का?" मी म्हटलं, "म्हशीला न्हाई येत, पण पोतं खराब निघालं तर शिव्या कुणाला द्यायच्या हे माणसाला कळंल." बोलण्यात मी कुणाला हार जायची नाही. अजूनही जात नाही.

मिक्सरवर चाचा होते. बीडचे. वडिलांपासून घरात मेकॅनिकी. माझ्या जन्माआधीपासून ते संघात. मशीनचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचे. मला बेटा म्हणायचे आणि माझ्या स्कॅनरला "चिमणी". "तुझी चिमणी लई वरडती गं," म्हणायचे.

आता पहिल्या दिवसाची गंमत सांगते. नवं मिक्सर, कोरं करकरीत. पेढे वाटले, नारळ फोडला, पहिला घाणा सुरू झाला. मी एकेक पोतं टिपत होते. काय तो आनंद! पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. आणि माल थांबला. चाचांनी खालचं तोंड बंद केलं.

"चाचा, विसावं?"

"झालं बेटा."

"झालं कसं? टनाची वीस होतात. एक पोतं गेलं कुठं?"

"जाईल कुठं? असंल हितंच." आणि ते दुसऱ्या घाण्याच्या तयारीला लागलेसुद्धा.

मी वजनाच्या पट्ट्या तपासल्या, पोती परत मोजली, साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, ओल उडाली असेल, घट आली असेल. पन्नास किलोची घट? मी चिडले. मग दुसरा घाणा आला, बरोबर वीस. तिसरा वीस, चौथा वीस. त्या दिवसापासून कायम वीस. सगळ्यांनी निकाल देऊन टाकला, की पहिल्या दिवशी कॉम्प्युटरलाच मोजता आलं नाही. हमालांनी माझं नाव ठेवलं एकोणीसबाई. "या एकोणीसबाई, चहा घ्या." अस्सा राग यायचा! पण वीस वीस येत राहिली, तशी मीही तो एकोणिसाचा आकडा मनातून काढून टाकला.

आता घरचं. आमच्याकडे एक तांबडी गाय होती. एकच. आई-बाप दोघं मिळून एक कोयता, असे माझ्या जन्मापासून दरसाल उसाला गेले. त्या साली माय पहिल्यांदा गेली नाही. तिची कंबर धरली होती, मोळी डोक्यावर चढत नव्हती. बाप भावकीच्या टोळीबरोबर एकटाच गेला. माय म्हणाली, "गाय हाय तवर मी हितं हाय. गाय गेली की कोयता हायच." हे तिनं तक्रार म्हणून नाही सांगितलं, नुसतं सांगितलं. मला मात्र ते वाक्य छातीत घुसलं. म्हणून कामगारांना महिन्याला एक पोतं घरी न्यायची मुभा मिळाली, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो मी.

आणि पोतं निवडलं ते कसं? पहिल्या नंबरचं! लेबलवर एक हा आकडा मला फार आवडायचा. त्या दिवशी चौथा घाणा चालू असताना लाईट गेली. अर्धा-पाऊण तास सगळे घाम पुसत बसलो. लाईट आली, चौथा संपला, पाचवा सुरू झाला, आणि त्याचं पहिलं पोतं मी बाजूला ओढलं. हे माझं. स्वतःच्या हातानं लेबल छापलं, स्वतःच्या हातानं शिवलं, टूं केलं आणि संध्याकाळी रिकाम्या कॅन घेऊन गावाकडं जाणाऱ्या दुधाच्या गाडीत टाकलं. मी तालुक्याला खोली घेऊन राहत होते. ड्रायव्हरला बजावलं, "थेट मायच्या हातात द्यायचं. पहिलं पोतं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मी कच्च्या मालाचा साठा जुळवत होते. युरिया म्हणजे जपून वापरायचा जिन्नस, म्हणून चाचा रोज सकाळी दहा छोट्या पिशव्या वजन करून भरून ठेवायचे. घाण्याला एक पिशवी. काल नऊ घाणे निघाले होते. म्हणजे एक पिशवी उरायला हवी. फळीवर आजच्या तारखेच्या पिशव्या होत्या, कालची एकही नव्हती.

मी चाचांकडे गेले. "चाचा, कालची दहावी पिशवी?"

चाचांनी फळीवरच्या पिशव्या बोटानं मोजल्या, परत मोजल्या. "या अल्ला. माझ्या हातनं झालं बेटा. लाईट गेलती न्हाई का, तवा चौथ्यात टाकली का न्हाई याद राहिलं न्हाई. लाईट आल्यावर वरून आणिक येक टाकली."

झाकलं नाही त्यांनी, कुणावर ढकललं नाही. आजही मला त्या माणसाचा त्यासाठी आदर वाटतो. पण त्या क्षणी मी नुसती ओरडले, "साहेब!"

संघाच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते फोनवरच तडकले. म्हणाले, दुष्काळात अर्धपोटी, वाळलेली जनावरं, त्यांना युरिया जास्त गेला तर पोट फुगून तासा-दोन तासात जनावर जातं. आणि पिशवी मागाहून वरून पडलीय, धड मिसळलेली नाही, म्हणजे शेवटी निघालेल्या मालात सगळ्यात जास्त. साहेब कपाळाला हात लावून उभे. "आता कुठली पोती कुठं गेली कोण सांगणार?"

"मी सांगणार!" मी म्हटलं. काय सांगू, भीती होती, पण त्याहून जास्त मला स्फुरण चढलं होतं. यासाठीच तर सगळा खटाटोप होता! दोन बोटं मारली आणि यादी समोर. चौथा घाणा, वीस पोती. बारा आमच्याच गोदामात, तिसऱ्या थप्पीत. आठ सकाळच्या टेम्पोनं छावणीवर.

हमाल तिसऱ्या थप्पीवर तुटून पडले. मी मध्ये उभी, टूं, टूं, टूं. बारा निघाली. छावणीवाल्याला साहेबांनी फोन लावून माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "पोती उतरवून ठिवलीत ताई, जनावरांचं आंबोण सांजच्याला कालवणार." मी म्हटलं, "कालवू नका! प्रत्येक पोत्याच्या तोंडाला कागद हाय, त्याच्यावरचा नंबर वाचा." तो वाचत गेला, मी खूण करत गेले. सहा, सात, आठ. आठवं सापडलं तेव्हा मी टेबलावर अशी मूठ आपटली की माऊस खाली पडला. टेम्पो पोती आणायला परत निघाला. विसाच्या वीस! दोनशे जनावरांच्या तोंडाशी गेलेला घास आम्ही जागेवर बसून परत आणला होता. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. माझे पाय जमिनीवर नव्हते.

चहा पिता पिता एक हमाल म्हणाला, "काय एकोणीसबाई, आज वीसच्या वीस गावली की!"

सगळे हसले. मीही हसले. आणि कप तोंडाशी तसाच राहिला.

एकोणीस.

"चाचा," मी म्हटलं, "खरं सांगा. पहिल्या दिवशी एक पोतं कुठं गेलं होतं?"

चाचा ओशाळले. "आता काय लपवायचं बेटा. कणगी कधी झाडून रिकामी करत न्हाईत. तुमच्यात बी न्हाई, आमच्यात बी न्हाई. तळाला मूठ-पसा ठिवायचा, त्येच्यानं बरकत ऱ्हाती. नवी मशीन हुती, तिच्या पोटात काईच नव्हतं. म्हून पहिल्या दिवशी येक पोत्याचा माल तळाच्या तोंडात, पाती फिरत न्हाईत तिथं, ठिवला. तवापास्नं दर खेपंला ठिवतो."

म्हणजे प्रत्येक घाण्याचं शेवटचं पोतंभर आतच राहायचं आणि पुढच्या घाण्याचं पहिलं पोतं होऊन बाहेर यायचं. म्हणून कायम वीस! माझं लेबल म्हणत होतं चौथ्याचं पहिलं, पण आत होता तिसऱ्याचा चांगला माल. आणि चौथ्या घाण्यातलं जे शेवटचं, ज्यात युरिया सगळ्यात जास्त, ते पाचव्याचं लेबल लावून निघून गेलं होतं. पाचव्या घाण्याचं पहिलं पोतं.

ते कुठं आहे ते बघायला मला कॉम्प्युटर लागला नाही.

मायला फोन लावला. बंद. आमच्याकडे दिवसाकाठी चार तास लाईट, मोबाईल निम्म्या वेळा मेलेला. शेजारणीला लावला, तर ती टँकरच्या रांगेत. दुधाच्या ड्रायव्हरला लावला. तो म्हणाला, "सकाळचं दूध घातलंय की तुझ्या मायनं." म्हणजे सकाळपर्यंत गाय होती. सकाळच्या धारेला ते घातलं असेल तर सगळं संपलंच होतं; नसेल तर पुढची धार चार वाजता, आणि धारेच्या वेळी मायनं आंबोण ठेवायचं हे ठरलेलं. घड्याळात सव्वातीन झाले होते. गाव अठरा किलोमीटर.

चाचांनी आपली जुनी एम-एटी आधीच सुरू केली होती. "बस बेटा."

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. खड्डे, धुरळा, वाटेत जनावरांचे सापळे. चाचा तोंडातल्या तोंडात दुवा मागत होते आणि मी मागून त्यांच्यावर आग पाखडत होते. "बरकत म्हणे! एका शब्दानं सांगितलं असतं तर? पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना मी?" ते म्हणाले, "तू हसली असतीस." खरंच हसले असते. आणि मी तरी काय मोठी शहाणी? पहिल्या नंबरच्या पोत्याला शुभ समजून घरी धाडणारी मीच ना! त्यांची बरकत तळाला होती, माझी लेबलावर. एवढाच काय तो फरक. मायचा कोयता आढ्याला अडकवलेला होता, तो सारखा डोळ्यांपुढे येत होता.

गावात शिरलो तेव्हा चारला पाच कमी. मी गाडी थांबायच्या आत उडी मारली, पडले, उठले. गोठ्याकडे पळाले.

गाय उभी होती! रवंथ करत, शेपटीनं माश्या हाकत. माय तिच्या कासेशी बसलेली, दोन गुडघ्यांत चरवी. पुढ्यात घमेल्यात आंबोण.

"माय! घमेलं काढ!" मी धावत जाऊन घमेलंच उपडं केलं. गाय बिचकली, चरवी लवंडली, दूध मातीत गेलं.

"आगं भवाने, याड लागलं का तुला?" माय उठली. "दुध सांडलं समदं! कावून आलीस अशी?"

"ते पोतं... मी पाठवलेलं पोतं... घातलंस का हिला?"

"न्हाई."

"मग हे काय?"

"जुन्यातलं हाय. पुरवून पुरवून घालतेय." मग जरा लाजल्यासारखी झाली. "तुजं पोतं न्हाई उघडलं अजून."

"कावून?"

मायनं आत बोट दाखवलं. घरात, देवळीच्या खाली, पोतं भिंतीला टेकवून उभं केलेलं. शिवण जशीच्या तशी. लेबलावर हळदीकुंकवाची दोन बोटं.

"त्येच्यावर तुजं नाव हाय म्हनला डायवर," माय म्हणाली. "छापलेलं. कागद शिवणीत बसवलाय. दोरा वढला की फाटणार. मला काय, नाव फाडून गाईला घालावंसं वाटंना बया. म्हनलं, तू आलीस की तुज्याच हातानं उघडू."

मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. चाचा दारात उभे होते. त्यांनी मायला सगळं सांगितलं, हात जोडले. मायनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसा भाऊ. बरकत ठिवावी, पण वाटीत काढून फळीवर ठिवावी. मशिनीच्या पोटात कावून ठिवता?" आणि सकाळच्या उरलेल्या दुधाचा चहा टाकायला गेली.

पोतं आम्ही एम-एटीवर मध्ये आडवं टाकून परत नेलं. डॉक्टरांनी त्यातला माल तपासायला पाठवला. निकाल आल्यावर मला बोलावून म्हणाले, "एक घमेलं पुरलं असतं." तेव्हापासून प्रत्येक घाण्यानंतर मिक्सर झाडून रिकामं होतं, आणि चाचांच्या फळीवर एक वाटी असते, त्यात त्या दिवसाच्या पहिल्या घाण्यातली मूठभर पेंड. तिला कुणी हात लावत नाही. मीसुद्धा नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये परत आलेल्या पोत्याची नोंद करताना कारण भरावंच लागतं, त्याशिवाय ते पुढं जाऊ देत नाही. परत आलेल्या बाकी पोत्यांपुढं मी "युरिया जास्त" असं भरलं. पाचव्या घाण्याच्या पहिल्या पोत्यापाशी थांबले. ते का आलं हे सगळ्यांना माहीत होतं. ते भरलेलंच्या भरलेलं कसं आलं, हे कुठंच नव्हतं.

साहेबांनी नंतर ते वाचलं आणि म्हणाले, "अगं, हे काय कारण झालं? बदल." मी म्हटलं, "साहेब, नोंद खरी पाहिजे म्हणून एवढं भांडले. आता खोटी करू का?" त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पाचवा घाणा, पोतं एक, वजन पन्नास किलो, न वापरता परत, आणि पुढं माझ्याच हातानं लिहिलेलं: मायनं उघडलं नाही.